एका पलटणीचा इतिहास कोणाचा? : लुईस एमिलिओ यांच्या ‘अ ब्रेव्ह ब्लॅक रेजिमेंट’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी ज्यांनी औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी तो अर्पण केला. या अर्पणपत्रिकेमुळे अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१-१८६५) मराठी वैचारिक वाङ्मयाशी कायमचा संबंध जडला. पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने मराठी वाचकाला कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची ओळख करून दिली. दलित साहित्याच्या चर्चेत निग्रो साहित्याशी तुलना हा नित्याचा विषय झाला. मात्र या सर्व चर्चेत एक बाजू बहुधा मागे पडली. गुलामांची मुक्ती हे केवळ इतरांच्या औदार्याचे फळ नव्हते. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने हाती बंदूक घेऊन या मुक्तीसाठी लढले होते.

या सैनिकांच्या पलटणींपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४ वी पायदळ पलटण. तिचा इतिहास तिच्याच एका अधिकाऱ्याने, कॅप्टन लुईस एफ. एमिलिओ यांनी लिहिला. ‘अ ब्रेव्ह ब्लॅक रेजिमेंट’ या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ १८९१ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाला आणि १८९४ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. सैनिकांची पत्रे, बोस्टनमधील स्मारकशिल्प आणि ‘ग्लोरी’ हा चित्रपट यांच्याशी त्याची तुलनाही केली आहे. या विवेचनाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पलटण हा हजार माणसांचा समूह असतो. मग तिचा इतिहास नेमका कोणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो?

ग्रंथकार आणि ग्रंथाचा काळ

एमिलिओ यांचा जन्म १८४४ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे झाला. त्यांचे वडील स्पेनमधून येऊन तेथे स्थायिक झाले होते. युद्ध सुरू झाले तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते आणि वय वाढवून सांगून ते सैन्यात भरती झाले. १८६३ साली ते ५४ व्या पलटणीत अधिकारी म्हणून आले आणि ‘ई’ कंपनीचे कॅप्टन झाले. त्याच वर्षी १८ जुलै रोजी फोर्ट वॅगनरवरील हल्ल्यात वरिष्ठ अधिकारी ठार वा जखमी झाल्यामुळे उरलेल्या पलटणीची सूत्रे या अठरा वर्षांच्या तरुणाच्या हाती आली. म्हणजे ग्रंथकार हा पलटणीच्या सर्वांत कठीण रात्रीचा साक्षीदार तर आहेच, शिवाय त्या रात्रीच्या अखेरीस तिचा प्रमुखही आहे. असे असूनही संपूर्ण ग्रंथात तो स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषातच करतो. या निवेदनपद्धतीचा विचार पुढे केला आहे.

ग्रंथाचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. युद्धानंतर उत्तर अमेरिकेत पलटणींचे इतिहास लिहिण्याची एक मोठी लाट आली. निवृत्त सैनिकांच्या संघटना असे इतिहास प्रसिद्ध करीत. भरती, छावणी, कूच, लढाया, सुटका आणि शेवटी नामावली असा त्यांचा साचा ठरून गेला होता. एमिलिओ यांचा ग्रंथ बाह्यतः याच साच्यात बसतो. परंतु तो ज्या वेळी आला ती वेळ वेगळी होती. १८९० साली मिसिसिपी राज्याने नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला आणि इतर दक्षिणी राज्यांनी तिचे अनुकरण केले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात वंशनिहाय वेगळेपणास मान्यता दिली. उत्तर व दक्षिण यांच्या समेटाच्या वातावरणात गुलामगिरी हे युद्धाचे कारण होते याचाच विसर पडू लागला होता. अशा काळात कृष्णवर्णीय पलटणीचा साधार इतिहास लिहिणे ही एक प्रकारची साक्षच होती.

ही साक्ष पहिली नव्हती, हेही नमूद करणे आवश्यक आहे. विल्यम वेल्स ब्राउन यांनी १८६७ साली, तर जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स आणि जोसेफ टी. विल्सन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय सैनिकांचे इतिहास लिहिले होते. हे तिघेही कृष्णवर्णीय होते आणि विल्सन यांनी तर ५४ व्या पलटणीतही सेवा केली होती. त्यांचा विषय मात्र सर्व कृष्णवर्णीय सैनिक हा होता. एका पलटणीचा दिवसागणिक वृत्तांत देण्याचे काम एमिलिओ यांनी केले.

पलटणीची वाटचाल

१ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्ग मोकळा केला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्याच महिन्यात युद्धखात्याची परवानगी मिळविली. राज्यातील कृष्णवर्णीयांची लोकसंख्या अल्प असल्यामुळे पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो अशा अनेक राज्यांतून आणि कॅनडातूनही तरुण आणले गेले. फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी आवाहन केले आणि त्यांचे दोन पुत्र, लुईस व चार्ल्स, पलटणीत दाखल झाले. पंचवीस वर्षांचे रॉबर्ट गूल्ड शॉ यांनी प्रथम नकार देऊन नंतर कर्नलपद स्वीकारले. बोस्टनजवळील रीडव्हिल येथे शिक्षण घेऊन २८ मे १८६३ रोजी पलटण ‘डी मोले’ या जहाजाने दक्षिण कॅरोलायनाकडे निघाली.

जूनमध्ये जॉर्जियातील डॅरियन हे गाव जाळण्याच्या मोहिमेत तिला सामील व्हावे लागले. हा आदेश कर्नल जेम्स माँटगोमेरी यांचा होता व शॉ यांना तो रुचला नव्हता. १६ जुलैला जेम्स बेटावर पहिली चकमक झाली आणि लगेच दोन दिवसांनी फोर्ट वॅगनरवरील हल्ला झाला. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेल्या या वाळूच्या किल्ल्यावर ५४ वी पलटण सर्वांत पुढे होती. हल्ल्यात उतरलेल्या सुमारे ६०० जणांपैकी २७० हून अधिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉ तटावर पडले आणि शत्रूने त्यांना त्यांच्या सैनिकांसह एकाच खड्ड्यात पुरले. किल्ला त्या रात्री पडला नाही. दक्षिणेच्या सैन्याने तो सप्टेंबरमध्ये सोडून दिला.

येथून पुढचा इतिहास सामान्य वाचकास फारसा ठाऊक नसतो. पलटण वॅगनरच्या वेढ्यात खंदक खणत राहिली. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडातील ऑलस्टी येथे पराभूत सैन्याची पिछाडी तिने सांभाळली आणि माघारीच्या वाटेवर बंद पडलेली जखमींची आगगाडी तिच्या सैनिकांनी दोर लावून ओढली. नोव्हेंबर १८६४ मध्ये ती हनी हिल येथे लढली. जनरल ली यांच्या शरणागतीनंतर नऊ दिवसांनी, १८ एप्रिल १८६५ रोजी, बॉयकिन्स मिल येथे तिची अखेरची चकमक झाली. २० ऑगस्ट १८६५ रोजी तिला सेवामुक्त करण्यात आले.

ग्रंथाची रचना आणि निवेदन

ग्रंथाचे पहिले मोठे वैशिष्ट्य म्हणजे प्रमाणबद्धता. वॅगनरच्या हल्ल्याचे प्रकरण साहजिकच महत्त्वाचे आहे. परंतु त्यापुढे पलटणीची दोन वर्षे तितक्याच सावकाश उलगडतात. वीरगाथा सांगणारा लेखक हल्ल्यापाशी थांबला असता. एमिलिओ थांबत नाहीत. वाळूत खणलेले खंदक, रसद उतरविण्याची कामे, पहारे, उन्हाळ्यातील आजार आणि दक्षिणेच्या तोफांचा मारा यांची नोंद ते कंटाळा न करता करतात. युद्ध म्हणजे बहुतांशी श्रम आणि प्रतीक्षा असते, ही गोष्ट या पानांतून वाचकाच्या मनावर ठसते. शिवाय कृष्णवर्णीय पलटणींच्या वाट्याला मजुरीची कामे वाजवीपेक्षा अधिक येत असल्यामुळे हा कंटाळवाणा भाग वस्तुतः अन्यायाची नोंद ठरतो.

दुसरे वैशिष्ट्य साधनांच्या वापराचे आहे. ग्रंथकार केवळ आठवणींवर विसंबत नाही. सरकारी अहवाल, वृत्तपत्रे, अधिकाऱ्यांची पत्रे व रोजनिशा आणि शत्रुपक्षाचे वृत्तांतही तो पडताळून पाहतो. पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे काय झाले, हा प्रश्न तो विशेष चिकाटीने लावून धरतो. दक्षिणेचे सरकार अशा सैनिकांना युद्धकैदी मानण्यास तयार नव्हते. वॅगनर व जेम्स बेट येथे सापडलेल्या काहींवर चार्ल्स्टनमध्ये खटला चालला आणि न्यायालयाने आपणास अधिकार नसल्याचे सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत एमिलिओ यांनी या विषयावर स्वतंत्र परिशिष्ट जोडले. तीन वर्षांनी पुन्हा ग्रंथाकडे वळून जो भाग वाढवावा असे लेखकास वाटले, तो लढाईचा नसून बेपत्ता सैनिकांचा होता, ही बाब त्याच्या विवेकाची निदर्शक आहे.

तिसरे वैशिष्ट्य नामावलीचे. ग्रंथाच्या शेवटी पलटणीतील अधिकारी आणि सैनिक यांची नावे, कंपनीनुसार, प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या गतीसह दिलेली आहेत. साहित्यदृष्ट्या ही केवळ यादी आहे. परंतु ज्या समाजातील बहुसंख्य माणसांची नोंद मालकाच्या वह्यांत मालमत्ता म्हणून होत असे, त्या समाजातील हजारांहून अधिक माणसांची पूर्ण नावे छापील ग्रंथात येणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता मर्यादांकडे वळावे. तृतीय पुरुषी निवेदनामुळे ग्रंथाला संयम आणि विश्वसनीयता लाभली; पण त्याच संयमामुळे माणसांचे अंतरंग हरवले. वॅगनरच्या रात्री हताहतांच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या अठरा वर्षांच्या मुलास काय वाटले, हे तो सांगत नाही. ही विनयशीलता समजण्याजोगी आहे. मात्र तोच नियम सैनिकांनाही लागू होतो तेव्हा तोल ढळतो. अधिकाऱ्यांचा स्वभाव, घराणे, शिक्षण यांविषयी काही ना काही कळते, कारण त्यांची पत्रे लेखकाजवळ होती. सैनिक बहुधा कृतीतूनच दिसतो. निशाण सावरणारा सार्जंट विल्यम कार्नी दिसतो. परंतु तो काय विचार करीत होता, ते दिसत नाही.

दुसरी मर्यादा ग्रंथाच्या हेतूतच आहे. कृष्णवर्णीय माणूस चांगला सैनिक होऊ शकतो, हे सिद्ध करण्याची चिंता ग्रंथभर जाणवते. शिस्त, स्वच्छता, कवायत आणि परक्या अधिकाऱ्यांनी दिलेली प्रशस्ती यांच्या नोंदी वारंवार येतात. १८९१ साली अशा सिद्धतेची गरज होती हे खरे. पण सिद्धता ज्याच्यासमोर मांडायची तो परीक्षक गौरवर्णीयच होता. त्यामुळे परीक्षक कोण असावा हा मूळ प्रश्न ग्रंथात विचारला जात नाही.

वेतनाचा प्रश्न : ग्रंथाची खरी कसोटी

या दोन्ही मर्यादा आणि ग्रंथाचे सामर्थ्य एकाच ठिकाणी एकत्र येतात, ते वेतनाच्या प्रकरणात. भरतीच्या वेळी इतर सैनिकांइतकेच, म्हणजे दरमहा १३ डॉलर, वेतन मिळेल असे आश्वासन होते. पुढे १८६२ च्या मिलिशिया कायद्याचा आधार घेऊन दरमहा १० डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर वजा, असे ठरविण्यात आले. हा कायदा कृष्णवर्णीयांकडे प्रामुख्याने मजूर म्हणून पाहत होता. पलटणीने हे वेतन घेण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने फरकाची रक्कम स्वतः भरण्याचे ठरविले. पलटणीने तीही नाकारली. सोळा महिन्यांहून अधिक काळ हे सैनिक वेतनाशिवाय लढले. घरी कुटुंबांची उपासमार होत असताना त्यांनी हा निर्धार टिकविला. ऑलस्टीच्या रणांगणावर त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या आणि महिना सात डॉलरच्या नावाने जयघोष केल्याची कटू विनोदाची आठवण परंपरेने सांगितली जाते.

राज्याची रक्कम नाकारण्यामागील तर्क समजून घेतला पाहिजे. प्रश्न केवळ पैशाचा असता तर फरक मिळताच तो संपला असता. परंतु संघराज्य सात डॉलर देते आणि उरलेले दुसरे कोणी भरते, याचा अर्थ संघराज्याच्या लेखी हे सैनिक अजूनही कमी प्रतीचे आहेत, असाच होत होता. दातृत्वाने भरून काढलेली विषमता ही विषमताच असते, हे या सैनिकांनी ओळखले. येथे ते दान घेणारे नसून हक्क मागणारे आहेत.

१५ जून १८६४ रोजी काँग्रेसने समान वेतन मंजूर केले. परंतु पूर्वलक्षी लाभासाठी १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र असण्याची अट घातली. पलटणीत पूर्वी गुलाम असलेलेही सैनिक होते. तेव्हा शॉ यांच्यानंतर कर्नल झालेले एडवर्ड हॅलोवेल यांनी शपथेचा मसुदा असा केला, की त्या दिवशी कोणाचेही बिनमोबदला श्रम आपण देणे लागत नव्हतो, एवढेच सैनिकाने सांगायचे. हॅलोवेल हे क्वेकर कुटुंबातील असल्याने ही शपथ ‘क्वेकर शपथ’ म्हणून प्रसिद्ध झाली. गुलामी कायद्याने मान्य असली तरी नीतीने कोणीच कोणाचे श्रम देणे लागत नाही, या भूमिकेवर पूर्वीचे गुलामही ती प्रामाणिकपणे घेऊ शकत होते. सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस प्रत्यक्ष वेतन हाती पडू लागले. याच महिन्यात मॉरिस बेटावर दक्षिणेच्या सुमारे ६०० कैदी अधिकाऱ्यांवर पहारा करण्याचे काम याच पलटणीकडे होते. ज्या व्यवस्थेने या सैनिकांस मालमत्ता मानले, तिचे अधिकारी त्यांच्या पहाऱ्यात होते आणि पहारेकऱ्यांस त्यांच्या स्वतःच्या सरकारने अद्याप पूर्ण सैनिक मानलेले नव्हते.

एमिलिओ हे सर्व प्रांजळपणे नोंदवतात आणि सरकारला दोषही देतात. तथापि हे प्रकरण त्यांच्या मांडणीत लढायांच्या मधून मधून येते. तो ग्रंथाचा कणा होत नाही. वॅगनरचा हल्ला एका संध्याकाळचा होता व तो वरिष्ठांच्या हुकमाने झाला. वेतनाचा नकार दीर्घकाळ चालला आणि तो कोणाच्या हुकमाने नव्हता. म्हणून पलटणीच्या स्वतःच्या इच्छाशक्तीचा पुरावा शोधायचा तर तो वॅगनरपेक्षा येथे अधिक स्पष्ट सापडतो.

पत्रांतील आवाज

ग्रंथात जे कमी पडते ते सैनिकांच्या पत्रांत सापडते. न्यू बेडफर्डचा कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग तेथील ‘मर्क्युरी’ या वृत्तपत्राला नियमित पत्रे पाठवीत असे. सप्टेंबर १८६३ मध्ये त्याने थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून, आम्ही सैनिक आहोत की मजूर, असा सरळ प्रश्न केला. ऑलस्टी येथे जखमी होऊन तो पकडला गेला आणि जुलै १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या तुरुंगात मरण पावला. समान वेतन त्याच्या हाती कधीच पडले नाही. सार्जंट जॉर्ज स्टीफन्स याने ‘वीकली अँग्लो-आफ्रिकन’ या पत्रात अधिक तिखट भाषेत लिहिले. ही पत्रे अनुक्रमे १९९१ व १९९७ साली ग्रंथरूपाने संपादित झाली. म्हणजे एमिलिओ यांच्या ग्रंथानंतर शंभर वर्षांनी सैनिकांचा आवाज पुस्तकाच्या रूपाने वाचकांपुढे आला. तो वृत्तपत्रांत आरंभापासूनच होता. केवळ इतिहासलेखनाने त्यास आधार मानण्यास उशीर केला.

शिल्प आणि चित्रपट

ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचे शिल्प ३१ मे १८९७ रोजी बोस्टनमध्ये अनावृत झाले. शॉ यांच्या कुटुंबाने केवळ अश्वारूढ पुतळ्यास हरकत घेतल्यामुळे सैनिकांना त्यात स्थान मिळाले. शिल्पकाराने प्रत्येक चेहरा वेगळा घडविला, हा त्या काळात मोठाच विचार होता. परंतु हे चेहरे नमुना म्हणून बसविलेल्या माणसांचे आहेत, पलटणीतील सैनिकांचे नव्हेत; आणि स्मारकावर कोरलेली नावे सुरुवातीस पडलेल्या गौरवर्णीय अधिकाऱ्यांचीच होती. सैनिकांची नावे १९८० च्या दशकात कोरली गेली. जी नावे एमिलिओ यांनी १८९१ साली कागदावर छापली, ती दगडावर येण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली.

एडवर्ड झ्विक दिग्दर्शित ‘ग्लोरी’ (१९८९) या चित्रपटाने पलटणीस जगभर पोहोचविले. मात्र त्यातील प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे काल्पनिक आहेत आणि बहुतेक सैनिक पळून आलेले गुलाम असल्याचा समज तो करून देतो. वस्तुतः बहुसंख्य सैनिक उत्तरेतील स्वतंत्र नागरिक होते. चित्रपट वॅगनरच्या हल्ल्यापाशी संपतो. त्यामुळे वेतनाच्या नकाराचे त्यापुढील कठीण वर्ष पडद्यावर येतच नाही. बलिदानापाशी थांबणारी कथा प्रेक्षकाला हेलावते. परंतु हक्कासाठी टिकून राहणाऱ्या माणसांची ओळख ती करून देत नाही.

निष्कर्ष

१. एमिलिओ यांचा ग्रंथ पलटणीच्या इतिहासाच्या रूढ साच्यात लिहिलेला असला तरी प्रमाणबद्धता, साधनांची पडताळणी आणि नामावली या तीन गुणांमुळे तो शिल्प व चित्रपट यांपेक्षा सैनिकांशी अधिक न्यायाने वागतो.

२. निवेदकाची दृष्टी अधिकाऱ्याची आहे. त्यामुळे सैनिकांचे शौर्य दिसते, पण त्यांचा विचार दिसत नाही. गूडिंग व स्टीफन्स यांची पत्रे सोबत वाचल्याशिवाय हा ग्रंथ पूर्ण होत नाही.

३. पलटणीच्या इतिहासाचा केंद्रबिंदू वॅगनरच्या हल्ल्याबरोबरच वेतनाच्या नकारातही शोधला पाहिजे. तेथे सैनिक स्वतःच्या निर्णयाने इतिहास घडविताना दिसतात.

४. फुले यांच्या अर्पणपत्रिकेचे मोल या विवेचनाने कमी होत नाही. मुक्तीसाठी झटणाऱ्या परक्यांबद्दलची ती कृतज्ञता खरी आहे आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही तिच्यातील अपेक्षाही रास्त आहे. परंतु ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ स्वतःच पीडितांच्या बाजूने उभा राहून केलेला युक्तिवाद आहे. त्या युक्तिवादाशी खरे नाते जडते ते सात डॉलर परत करणाऱ्या सैनिकांचे. मराठी वाचकाने अर्पणपत्रिकेतील सज्जनांच्या शेजारी या सैनिकांनाही उभे केल्यास त्या जुन्या संबंधाचा अर्थ अधिक पूर्ण होईल.